ब्लॉग वाढतो कसा?

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आंतरजालावरचे मराठी ब्लॉग चाळण्याची सवय असलेल्यांना एक वाक्य पाठ झालेलं असतं : 'बऱ्याच दिवसांनी आज लिहायला वेळ मिळाला.' त्यानंतर थोडी दिलगिरी, पावसाबद्दल नाहीतर दिवाळीबद्दल चार ओळी, 'आता नियमित लिहीत जाईन' असं आश्वासन. खाली तारीख असते २०११ ची किंवा २०१३ ची. त्या ब्लॉगवरची ती शेवटची नोंद असते.

असे ब्लॉग शेकड्यांनी सापडतात. लिहिणाऱ्यांना लिहिता येत नव्हतं, असं मुळीच नाही. त्यातले काही फार सुरेख लिहीत. मग ते थांबले का, आणि जे थोडे टिकले, वाढले, त्यांनी वेगळं काय केलं, याचा विचार आज आपण करू या. हा नुसत्या हौसेचा प्रश्न नाही. द्राक्षाच्या छाटणीपासून जुन्या मोडी कागदपत्रांपर्यंत किती तरी गोष्टींचं ज्ञान आपल्याकडे माणसांच्या डोक्यात असतं आणि त्यांच्याबरोबरच जातं. ते मराठीत, फुकट आणि कोणालाही सापडेल असं मांडून ठेवण्याची सोय गेली वीस-पंचवीस वर्षं आपल्या हाताशी आहे. ती आपण कशी वापरतो, हा खरा मुद्दा आहे.

आधी थोडा इतिहास. 'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्गर यांनी १९९७ मध्ये वापरात आणला. लॉग म्हणजे जहाजावरची रोजची नोंदवही, तशी ही जालावरची नोंदवही. त्याचंच पुढे 'ब्लॉग' झालं. १९९९ मध्ये 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली, २००३ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि त्याच वर्षी 'वर्डप्रेस' आलं. या दोन्हींमुळे संगणकाची भाषा न शिकताही कोणालाही लिहून प्रसिद्ध करता येऊ लागलं. मराठीची अडचण निराळी होती. पूर्वी प्रत्येकाचा फाँट वेगळा, त्यामुळे एकाने लिहिलेलं दुसऱ्याच्या संगणकावर नुसत्या चौकटी आणि चित्रविचित्र चिन्हांसारखं दिसे. युनिकोड रुळल्यावर ती अडचण सुटली आणि २००५ नंतर मराठी ब्लॉगांची लाटच आली. 'मराठी ब्लॉग विश्व'वर त्यांची यादी असे, 'स्टार माझा' वाहिनीने 'ब्लॉग माझा' नावाची स्पर्धाही घेतली. मग फेसबुक आलं, पाठोपाठ व्हॉट्सॲप आलं आणि बहुतेकांनी आपलं बिऱ्हाड तिकडे हलवलं.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. न्यूयॉर्कमध्ये ज्यूली पॉवेल नावाची एक तरुणी होती. तिशीला टेकलेली, सरकारी कचेरीत सचिवाचं काम करणारी, लेखिका व्हायचं स्वप्न जवळजवळ सोडून दिलेली. ऑगस्ट २००२ मध्ये तिने एक ब्लॉग सुरू केला. ज्यूलिया चाइल्ड यांचं फ्रेंच स्वयंपाकावरचं १९६१ मधलं एक जाडजूड पुस्तक अमेरिकेत घरोघरी होतं. त्यातल्या ५२४ पाककृती ३६५ दिवसांत करायच्या आणि रोज काय झालं ते लिहायचं, एवढाच संकल्प. स्वयंपाकघर इवलंसं, कचेरीतून घरी यायला उशीर, जेवायला रात्रीचे दहा वाजायचे. जिवंत शेवंड मारताना तिची उडालेली तारांबळ, वासराचे पाय उकळून केलेली जेली, फसलेले पदार्थ, त्यावरून घातलेला गोंधळ, हे सगळं ती जसंच्या तसं लिही. वाचक वाढत गेले. काहींनी सामानसुमानासाठी पैसेही पाठवले. वर्ष संपत आलं तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तिच्यावर लेख छापला. २००५ मध्ये त्याचं पुस्तक झालं, २००९ मध्ये मेरिल स्ट्रीप आणि एमी ॲडम्स यांचा 'ज्यूली अँड ज्यूलिया' हा चित्रपट आला. आपल्याकडेही अनेकांनी तो पाहिला असेल.

या गोष्टीचा अर्थ बहुतेक जण असा लावतात की तिचं नशीब उघडलं. नशिबाचा भाग होताच. पण नीट पाहिलं, तर त्या ब्लॉगमध्ये पहिल्या दिवसापासून एक बांधीव रचना होती. विषय ठरलेला, आकडा ठरलेला, मुदत ठरलेली. आज कितवी पाककृती, किती उरल्या, किती दिवस राहिले, हे वाचणाऱ्याला कळत होतं. मालिकेत उद्या काय होणार म्हणून माणूस अडकून राहतो, तसं ते होतं. शिवाय रोज 'आज कशावर लिहू?' हा प्रश्न तिला पडतच नव्हता. माझ्या मते ब्लॉग बंद पडण्याचं सर्वांत मोठं कारण हा प्रश्न आहे. वेळ नसणं हे कारण लोक सांगतात, पण वेळ नसलेली ज्यूली पॉवेल वर्षभर लिहीत राहिली.

दुसरं उदाहरण याहून लहान आणि मला अधिक आवडणारं. स्कॉटलंडमधल्या लॉकगिलफेड या गावी मार्था पेन ही नऊ वर्षांची मुलगी प्राथमिक शाळेत शिकत होती. एप्रिल २०१२ च्या अखेरीस तिने वडिलांच्या मदतीने 'नेव्हरसेकंड्स' नावाचा ब्लॉग सुरू केला. शाळेत मिळणाऱ्या दुपारच्या जेवणाचा रोज एक फोटो, जेवणाला दहापैकी गुण, ते किती घासांत संपलं आणि त्यात केस सापडले का, एवढंच त्यात असे. बस्स. जून महिन्यात तिथल्या स्थानिक प्रशासनाने शाळेत फोटो काढायला बंदी केली, तोपर्यंत त्या ब्लॉगला २० लाखांहून अधिक भेटी झाल्या होत्या. बंदीची बातमी जगभर गेली आणि दुसऱ्याच दिवशी ती उठवावी लागली. मलावीतल्या शाळेत मुलांना जेवण मिळावं म्हणून मार्था ७ हजार पौंड जमवत होती. काही दिवसांतच ती रक्कम एक लाख पौंडांच्या वर गेली आणि तिथे स्वयंपाकघर उभं राहिलं. नऊ वर्षांच्या मुलीकडे भाषेचा कसला डौल असणार? पण तिने एकच गोष्ट पाहायची ठरवली होती, ती रोज त्याच मोजमापाने पाहिली आणि खरं ते लिहिलं.

आता हे आपल्या अंगणात आणू. समजा, एक निवृत्त तलाठी आहेत. तीस-पस्तीस वर्षं सातबारा, आठ अ, फेरफार यांत गेलेली. त्यांना ब्लॉग लिहायचा आहे. बहुधा ते पहिली नोंद लिहितील 'माझे मनोगत', दुसरी महाराष्ट्रदिनी, तिसरी आषाढी एकादशीवर आणि चौथी येणारच नाही. कारण यातलं काहीही वाचायला कोणी त्यांच्याच दाराशी यावं, असं नाही. पण गावोगावची हजारो माणसं ज्या प्रश्नांनी हैराण असतात, त्यांची उत्तरं या गृहस्थांना तोंडपाठ आहेत. वडील वारले, आता सातबाऱ्यावर वारसांची नावं कशी लावायची? फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकत घ्यायला किती दिवस असतात? आठ अ आणि सातबारा यांत फरक काय? फेरफाराच्या नोंदवहीला गाव नमुना सहा का म्हणतात? असे शंभर प्रश्न सहज निघतील. दर आठवड्याला एक घेतला, तर दोन वर्षांची बेगमी झाली. ज्यूली पॉवेलच्या ५२४ पाककृती होत्या, यांचे शंभर प्रश्न.

यात शीर्षकाला फार महत्त्व आहे, आणि नेमकं तिथेच आपण मराठी माणसं साहित्यिक होतो. 'वारसाहक्क : एक चिंतन' असं शीर्षक दिलं, तर ते शोधत कोण येणार? अडलेला माणूस गूगलमध्ये 'एक चिंतन' असं टाकत नाही. तो टाकतो, 'वडिलांच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर नाव कसे लावायचे'. तेच शीर्षक असावं. उत्तर पहिल्या परिच्छेदातच द्यावं : तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र, मग वारस नोंदवहीत नोंद, फेरफार, नोटिशीचे पंधरा दिवस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. सविस्तर माहिती त्याखाली. माणसाला आधी पाणी द्यावं, मग गप्पा माराव्यात, ही आपल्याकडची रीतच आहे.

शोधणारा माणूस कोणते शब्द वापरतो, हे कान देऊन ऐकावं लागतं. महाराष्ट्रात २०२४ मध्ये तलाठी या पदाचं नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. पण अडलेला शेतकरी 'तलाठी' हाच शब्द लिहिणार. तेव्हा लेखात दोन्ही शब्द हवेत. कोणी 'सातबारा' लिहितो, कोणी आकड्यात ७/१२ लिहितो, आणि मराठी कळफलकाचा कंटाळा असणारे तर इंग्रजी लिपीतच मराठी टंकतात. या सगळ्यांना आपली नोंद सापडावी, एवढी सोय लिहिताना सहज करता येते. मात्र शब्दांची नुसती खोगीरभरती करू नये. एकच शब्द वीसदा आला की शोधयंत्राला संशय येतो आणि वाचणाऱ्यालाही वीट येतो.

शोधयंत्र एखाद्या पानाला वर का दाखवतं? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल काढलं, तेव्हा मूळ कल्पना साधी होती. ज्या पानाकडे इतर पानांनी बोट दाखवलंय, म्हणजे दुवे दिलेत, ते पान महत्त्वाचं. आणि बोट दाखवणारा स्वतः वजनदार असेल तर आणखी महत्त्वाचं. पुढे यात अनेक गोष्टींची भर पडली, पण हा पाया अजून आहे. त्यामुळे आपल्या विषयावर लिहिणारे आणखी कोण आहेत, ते शोधावं, त्यांचं चांगलं लेखन आपल्या नोंदीत आवर्जून दाखवावं. अशाने ओळखी होतात, आणि कालांतराने तेही आपल्याकडे बोट दाखवतात. दुवे विकत देणारे दलालही भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. गूगलला कळलं की सगळी वाढ एका दिवसात खाली येते.

पहिले पन्नास वाचक मात्र शोधयंत्रातून येत नाहीत. ते आपल्या ओळखीतूनच येतात, आणि इथे व्हॉट्सॲपचा उपयोग आहे. पण तिथे अख्खा लेख चिकटवण्याची सवय घातक. तो पुढे ढकलला जातो, तिसऱ्या गटात लेखकाचं नाव गळतं आणि पाचव्या गटात तो भलत्याच्या नावावर फिरतो. दोन ओळी आणि दुवा द्यावा. ज्याला गरज आहे तो येईल.

नियमितपणाबद्दल थोडं. रोज लिहिलंच पाहिजे असं नाही. ज्यूली आणि मार्था यांचे विषयच रोजचे होते. आपल्या तलाठीभाऊंना आठवड्याला एक नोंद पुष्कळ. पण वार ठरलेला असावा. आणि सुरुवात करण्यापूर्वी आठ-दहा नोंदी लिहून हाताशी ठेवाव्यात, म्हणजे घरात लग्नकार्य निघालं, कोणी आजारी पडलं, तरी खंड पडत नाही. सुरुवातीचे सहा-आठ महिने जवळपास शांततेचे असतात. दिवसाला चार वाचक, त्यातले दोन घरचेच. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. वर्तमानपत्रातला लेख त्या दिवशी वाचला जातो आणि संध्याकाळी त्याचा कागद भेळेला जातो. ब्लॉगवरची नोंद उलट पहिल्या दिवशी दुर्लक्षित राहते आणि पुढच्या पाच वर्षांत रोज दोन-तीन माणसं ती शोधत येतात. अशा शंभर नोंदी झाल्या की बेरीज कुठे जाते ते पाहा. म्हणून जुन्या नोंदी दुरुस्त करत राहणं हे नव्या लिहिण्याइतकंच मोलाचं आहे. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. त्याआधीची माहिती तशीच ठेवली, तर वाचणारा फसतो, आणि फसलेला वाचक परत येत नाही.

आता थोडा कडू भाग. ज्यूली पॉवेलचा तो गाजलेला ब्लॉग 'सॅलॉन' या संकेतस्थळाने दिलेल्या जागेवर होता. पुढे ती सेवाच बंद झाली आणि ज्या पत्त्यावर लोक रोज येत होते, तो पत्ता मेला. ज्यूली पॉवेल २०२२ मध्ये वारली. तिचं पुस्तक आणि चित्रपट आहेत, मूळ ब्लॉगसाठी मात्र जुन्या पानांच्या संग्रहात शोधाशोध करावी लागते. अशी यादी मोठी आहे. याहूचं 'जिओसिटीज' २००९ मध्ये गेलं, 'पोस्टरस' २०१३ मध्ये, 'ऑर्कुट' २०१४ मध्ये, 'गूगल प्लस' २०१९ मध्ये, 'टाइपपॅड' २०२५ मध्ये. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेलं दुकान मालक म्हणेल त्या दिवशी उचलावं लागतं. फेसबुकवर तर याहून अडचण. तिथे दहा वर्षांपूर्वी लिहिलेलं स्वतःलाच सापडत नाही.

म्हणून स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यावा. वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपयांत तो मिळतो, आणि ब्लॉगरसारख्या फुकट सेवेलाही तो जोडता येतो. उद्या सेवा बदलली, तरी पत्ता तोच राहतो आणि वाचक वाट चुकत नाहीत. शिवाय दर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या लेखनाची प्रत उतरवून घरच्या संगणकावर ठेवावी. ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्हींत त्यासाठी सोय आहे. दहा मिनिटांचं काम आहे, पण करत कोणी नाही.

पैशाचा प्रश्न शेवटी येतोच. आग्र्याचे अमित अगरवाल यांनी २००४ मध्ये हैदराबादमधली चांगली नोकरी सोडून तंत्रज्ञानावर ब्लॉग सुरू केला आणि त्यावर पोट भरून दाखवलं. भारतातले पहिले व्यावसायिक ब्लॉगर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पण ते इंग्रजीत लिहीत, त्यांचा वाचक जगभर होता. शिवाय पुढे लोकांना लागणारी छोटी संगणकीय साधनं ते स्वतः तयार करू लागले. गूगलची जाहिरातसेवा २००३ ची, तिने हिंदीला मान्यता दिली २०१४ च्या अखेरीस, आणि मराठीला आणखी काही वर्षं थांबावं लागलं. मराठी ब्लॉगवर जाहिरातींतून घरखर्च चालेल, अशी आशा धरू नये. मिळालं तर पत्त्याचा खर्च सुटतो, क्वचित थोडं अधिक. खरी मिळकत आडवाटेने येते : कोणी व्याख्यानाला बोलावतं, कोणी सल्ला विचारतं, एखादा प्रकाशक पुस्तकाबद्दल विचारणा करतो. जाहिराती लावल्याच, तर मजकूर त्यांत बुडू देऊ नये. वारस नोंदीची माहिती वाचताना मधेच उडी मारून येणारी दागिन्यांची जाहिरात पाहिली की माणूस चटकन मागे फिरतो.

अलीकडे एक नवं संकट आलंय. भारतात २०२४ पासून गूगल अनेक प्रश्नांची उत्तरं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार करवून सर्वांत वर दाखवतं. खाली असलेल्या दुव्यांवर जाण्याची गरजच उरत नाही. म्हणजे ब्लॉगांचे दिवस संपले का? ज्या ब्लॉगांवर इकडून तिकडून उचललेली माहिती आहे, त्यांचे संपत आले, असं मला वाटतं, आणि त्याचं फारसं दुःखही नाही. पण यंत्र नियम सांगतं. अमुक कागद मिळाला नाही तर तहसील कचेरीत प्रत्यक्षात काय म्हणतात, कोणत्या टेबलावर फाइल अडते, सामायिक गटात एका भावाने सही नाकारली तर काय करायचं, हे जो त्या कामात मुरलेला आहे, तोच सांगू शकतो. गूगलनेही लेखनाचा दर्जा तपासणाऱ्यांसाठीच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत डिसेंबर २०२२ मध्ये 'अनुभव' या कसोटीची भर घातली आहे. लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का, हे त्यात पाहिलं जातं. तेव्हा आपण कोण, हे काम किती वर्षं केलं, हे ब्लॉगवर स्पष्ट लिहावं. संकोच करू नये.

आणि मित्रहो, प्रतिक्रियांचा रकाना बंद ठेवू नका. आपल्या तलाठीभाऊंच्या वारस नोंदीच्या लेखाखाली एक दिवस कोणीतरी विचारील, 'आजोबा १९७० साली वारले, तेव्हा नोंदच केलेली नाही, मृत्यूचा दाखला मिळत नाही, आता काय करायचं?' त्याला 'कचेरीत जाऊन चौकशी करा' असं एका ओळीत सांगून मोकळं होऊ नये. तसाच प्रश्न पडलेले, पण न विचारता निघून गेलेले पुष्कळ असतात. त्या गृहस्थाला दोन ओळींचं उत्तर तिथेच द्यावं, आणि पुढच्या सोमवारची नोंद त्याच प्रश्नावर लिहायला घ्यावी.